गाडी पुढे, चालक मागे

१९ सप्टेंबर २०१६ची संध्याकाळ. सीरियातील अलेप्पो शहराच्या पश्चिमेला असलेल्या उरुम अल-कुब्रा या गावात ३१ ट्रकांचा ताफा पोहोचला होता. ट्रकांत पीठ होते, औषधे होती, थंडीचे कपडे होते. सुमारे ७८ हजार लोकांसाठी ही मदत होती. ताफा कोणत्या रस्त्याने जाणार हे लढणाऱ्या बाजूंना आधीच कळवलेले होते, परवानग्याही हातात होत्या. रेड क्रेसेंटच्या गोदामात माल उतरवणे सुरू असतानाच हवाई हल्ला झाला. ट्रक पेटले, गोदाम कोसळले, माल उतरवणारी माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी संयुक्त राष्ट्रांनी सीरियातील सगळेच मदतीचे ताफे थांबवले.

त्या काळात पूर्व अलेप्पोत अडीच लाखांहून अधिक लोक वेढ्यात अडकलेले होते. अन्न काही किलोमीटरवर तयार होते. ते आत नेणारा रस्ता मात्र जीवघेणा होता. अलेप्पोतल्या या अनुभवातून जागतिक अन्न कार्यक्रमाच्या म्युनिकमधील नवकल्पना केंद्रात एका प्रकल्पाने आकार घेतला. खड्डे, चिखल, पाणी तुडवत जाणारी गाडी धान्य घेऊन धोक्याच्या भागात जाईल आणि तिचा चालक दूर, सुरक्षित ठिकाणी बसून ती चालवेल, अशी ती कल्पना. जर्मनीची अंतराळ संशोधन संस्था ‘डीएलआर’ या कामात सहभागी झाली. प्रकल्पाचे नाव ‘अहेड’. २०२३ साली कार्यक्रमाने अशा चालकविरहित गाड्यांची चाचणी दक्षिण सुदानमध्ये घेण्याचा मनोदय जाहीर केला.

ही गरज का वाटावी, हे आकडेच सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार २०२४ मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले. त्यातील बहुसंख्य त्या-त्या देशातलेच होते. परदेशी तज्ज्ञांची नावे बातम्यांत येतात. पण धोक्याच्या रस्त्यावर रोज असतो तो तिथलाच ट्रकचालक, तिथलाच मदतनीस. शिवाय अशा मृत्यूचे परिणाम एका कुटुंबापुरते राहत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमधील उत्तर दारफुरच्या कबकाबिया येथे जागतिक अन्न कार्यक्रमाचे तीन कर्मचारी मारले गेले, तेव्हा संस्थेला संपूर्ण सुदानमधील काम काही काळ थांबवावे लागले. रस्त्यावर गोळी चालते, आणि शेकडो मैल दूरच्या छावणीत कोणाचे तरी जेवण थांबते.

वजनाचे गणित

मदत पोहोचवायला आता ड्रोन आहेत, विमाने आहेत. मग जमिनीवरून जाणाऱ्या गाडीचा एवढा अट्टहास कशासाठी? उत्तर अन्नाच्या वजनात आहे.

आणीबाणीच्या काळात एका माणसाला दिवसाला सुमारे २,१०० उष्मांक मिळावेत, असा मदतकार्याचा हिशेब असतो. धान्य, डाळ आणि तेल मिळून हे साधारण अर्धा किलो भरते. म्हणजे महिन्याला माणशी पंधरा किलो. एक टन धान्यात साठ-पासष्ट माणसांचा महिना निघतो. रवांडात २०१६ पासून ड्रोनने रक्ताच्या पिशव्या दवाखान्यांपर्यंत जातात आणि त्यातून जीव वाचतात. पण अशा छोट्या ड्रोनची झेप एक-दोन किलोंची. त्यातून रक्त जाते, सापाच्या विषावरची लस जाते; गावाचे रेशन जात नाही.

औषधांचेही तसेच. कॉलऱ्याच्या रुग्णाच्या शरीरातले पाणी झपाट्याने संपते. गंभीर अवस्थेतील, पन्नास किलो वजनाच्या माणसाला पहिल्या तीन तासांत पाच लिटर सलाइन द्यावे लागते. अशा शंभर रुग्णांसाठी अर्धा टन सलाइन लागेल, आणि तेही आजच्या आज.

तीव्र कुपोषित मुलांचे उदाहरण आणखी बोलके आहे. ज्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरतो, त्याला शेंगदाण्याची पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे असलेल्या उपचारात्मक आहाराची पाकिटे दिली जातात. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० उष्मांक असतात. ते शिजवावे लागत नाही, त्यात पाणी घालावे लागत नाही, त्यामुळे दूषित पाण्याची भीती उरत नाही. एका मुलाच्या सहा ते आठ आठवड्यांच्या उपचाराला साधारण १५० पाकिटांचा एक खोका लागतो. त्याचे वजन चौदा-पंधरा किलो. म्हणजे एक टन माल नेणारी गाडी एका फेरीत पासष्टच्या आसपास मुलांचा पूर्ण उपचार नेऊ शकते. मात्र हा उपचार मध्येच तुटला तर सावरू लागलेले मूल पुन्हा घसरते. म्हणून इथे मालाच्या प्रमाणाइतकेच गाडी वेळेवर पोहोचण्यालाही महत्त्व आहे.

दक्षिण सुदानमध्ये नेमकी हीच अडचण आहे. २०११ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात डांबरी रस्ते अगदी कमी. श्वेत नाईलच्या काठाने पसरलेला ‘सुड’ हा जगातल्या सर्वांत मोठ्या दलदलींपैकी एक. पावसाळा लागला की काळी चिकण माती ट्रकची चाके गिळते आणि देशाचा मोठा भाग रस्त्याने तुटतो. २०१९ पासून सलग काही वर्षे आलेल्या पुरांनी त्यात भर घातली. बेंटिऊच्या आसपास विस्थापितांच्या छावण्या मातीच्या बांधांच्या आड, चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या राहिल्या. त्यातच रस्त्यावर दबा धरून होणारे हल्ले.

अशा वेळी इल्युशिन-७६ सारख्या मालवाहू विमानातून धान्याची पोती खाली टाकली जातात. एका खेपेत तीस टनांच्या आसपास माल जातो. पण रस्त्याने नेण्याच्या तुलनेत हा मार्ग कित्येक पटींनी महाग पडतो. मोकळे मैदान लागते, ते आधी आखावे लागते, लोकांना दूर ठेवावे लागते. तेवढ्यासाठी कर्मचाऱ्यांना त्या धोक्याच्या जागी आधी पाठवावेच लागते. आणि मैदानापासून दूरच्या वस्तीपर्यंत पोते न्यायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

चिखलात न रुतणारी गाडी

‘अहेड’साठी निवडलेली गाडी आहे ‘शेर्प’. तिची भारतीय आवृत्ती आपल्याकडे अनेकांनी पाहिली असेल. २०२५च्या ऑगस्टमध्ये पंजाबात पूर आला तेव्हा लष्कराने अमृतसर परिसरात ‘एटीओआर एन १२००’ नावाच्या गाड्या पाण्यात उतरवल्या होत्या. ठेंगणा डबा आणि त्याला माणसाच्या खांद्यापर्यंत येणारी चार चाके, असे तिचे रूप.

तिचे सगळे रहस्य त्या चाकांत आहे. मूळ शेर्पच्या चाकाचा व्यास सुमारे १.६ मीटर आणि रुंदी ६० सेंटिमीटर. त्यांत हवा अगदी कमी दाबाची असते. उंटाचे पाऊल जसे वाळूवर पसरते, तसे हे टायर चिखलावर पसरतात. गाडीचे वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले जाते आणि चाक रुतत नाही. चार चाकांत मिळून काही हजार लिटर हवा असते. पाण्यात गाडी याच हवेवर तरंगते आणि टायरांवरच्या जाड कंगोऱ्यांनी वल्ह्यासारखे पाणी मागे ढकलत पुढे सरकते. टायरांतली हवा चालकाला बसल्या जागी कमी-जास्त करता येते. वळण्यासाठी पुढची चाके तिरपी होत नाहीत. रणगाड्याप्रमाणे एका बाजूची चाके थांबवून दुसऱ्या बाजूची फिरवली की गाडी जागच्या जागी वळते.

वेग मात्र बेताचा. जमिनीवर ताशी ४० किलोमीटरच्या आसपास, पाण्यात पाच-सहा. मॉडेलनुसार एक ते सव्वादोन टन माल ती नेते. जागतिक अन्न कार्यक्रमाकडे २०२३ मध्ये अशा सुमारे पन्नास गाड्या होत्या आणि दक्षिण सुदानसारख्या ठिकाणी त्या चालकांसह धावत होत्या. त्यामुळे गाडी चिखलातून जाईल का, हा प्रश्न बराचसा सुटलेला होता. उरला होता तो चालकाच्या जिवाचा प्रश्न.

अर्ध्या सेकंदाचा अडथळा

चालकाला गाडीतून उतरवून दूरच्या खोलीत बसवायचे, तर गाडीला डोळे द्यावे लागतात आणि ते डोळे काय पाहतात हे चालकापर्यंत पोहोचवावे लागते. जिथे मोबाइलचा टॉवर नाही तिथे हे काम उपग्रहाचे. इथे निसर्गाचा एक साधा नियम आडवा येतो: प्रकाशापेक्षा वेगाने निरोप जात नाही.

पृथ्वीसोबत फिरणारे, आकाशात एकाच जागी दिसणारे दळणवळण उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. गाडीच्या कॅमेऱ्याचे चित्र वर जाऊन खाली येईपर्यंत ७२ हजार किलोमीटरचा प्रवास होतो. त्याला पाव सेकंद लागतो. चालकाने ब्रेक दाबला की तो आदेश तितकाच प्रवास करून परत जातो. झाला अर्धा सेकंद. चित्र आकुंचित करून पाठवण्याचा वेळ वेगळाच. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात अडीच मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे चालकाला खड्डा दिसून त्याचा ब्रेक लागेपर्यंत चाक खड्ड्यात असू शकते. पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या नव्या उपग्रहांच्या जाळ्यामुळे हा विलंब बराच घटतो. पण पाऊस, झाडी किंवा मुद्दाम केलेला अडथळा यांनी संपर्क तुटण्याची शक्यता राहतेच.

हा प्रश्न अंतराळ संशोधकांच्या ओळखीचा आहे. १९७० मध्ये सोव्हिएत संघाने चंद्रावर उतरवलेली ‘लुनोखोद-१’ ही गाडी पृथ्वीवरच्या पाच जणांच्या चमूने चालवली. आदेश जाऊन चित्र परत यायला अडीच सेकंदांहून अधिक वेळ लागे. तरीही तिने साडेदहा किलोमीटरचा प्रवास केला. १९९३ मध्ये डीएलआरने कोलंबिया अंतराळयानातला एक यंत्रहात जमिनीवरून चालवून दाखवला. तिथला विलंब काही सेकंदांचा होता. मंगळावरच्या गाड्यांना तर निरोप पोहोचायलाच अनेक मिनिटे लागतात. त्यामुळे तिथे स्टिअरिंग फिरवण्याचा विचारच सोडून द्यावा लागला. माणूस ठिकाण सांगतो, तिथवर कसे जायचे ते गाडी ठरवते.

‘अहेड’मध्ये या अनुभवाचा उपयोग आहे. चालक आणि यंत्र यांच्यात कामाची वाटणी होते. दूर बसलेला माणूस दिशा देतो, कुठून जायचे आणि कुठून नाही हे ठरवतो. गाडीवरचे कॅमेरे आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारी उपकरणे जवळचा परिसर टिपत राहतात. समोर काही आले तर गाडी स्वतः थांबते. संपर्क तुटला तरी तिने भरकटत न जाता सुरक्षितपणे उभे राहावे, ही अशा यंत्रणेची पहिली अट. रस्ता कुठे वाहून गेला, पाणी कुठवर पसरले, हे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून आधीच नकाशावर घेता येते.

तरीही आफ्रिकेतल्या दलदलीपुढे चंद्र सोपा वाटावा, अशी स्थिती आहे. चंद्रावर गवत नाही. लेसरच्या नजरेला पुरुषभर उंचीचे गवत म्हणजे भिंत वाटते. माणसाला कळते की ते आडवे होईल. पाण्याचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण खाली गुडघाभर पाणी आहे की खोल चर, हे कॅमेऱ्याला सांगता येत नाही. गाडीत बसलेल्या चालकाला इंजिनाच्या आवाजातला बदल ऐकू येतो, सीटखाली गाडी कललेली कळते, चाक घसरू लागल्याचे अंगाला जाणवते. खोलीतल्या पडद्यासमोर यातले बरेचसे हरवते. म्हणून दूरच्या चालकाला आवाज ऐकवणे, गाडीचा कल दाखवणे, स्टिअरिंगवर धक्के जाणवून देणे अशा युक्त्या वापरल्या जातात. दक्षिण सुदानच्या चिखलात वर्षानुवर्षे गाडी हाकलेल्या माणसाचा अनुभव यासाठी कोणत्याही संगणकाइतकाच मोलाचा ठरतो.

माणसाला धोक्यापासून मागे ठेवून यंत्र पुढे पाठवण्याची रीत इतर क्षेत्रांत रुळलेली आहे. पुण्याजवळच्या दिघी येथील ‘डीआरडीओ’च्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेला ‘दक्ष’ हा यंत्रमानव लष्करासाठी संशयास्पद वस्तू उचलतो, तिची क्ष-किरण तपासणी करतो, बॉम्ब निकामी करतो. त्याला चालवणारा जवान काहीशे मीटर अंतरावर असतो. क्रोएशियात बनणारी दूरनियंत्रित यंत्रे अनेक देशांत भूसुरुंग काढतात. फरक एवढाच, की बॉम्ब निकामी करणारे यंत्र माणसांना दूर ठेवते. मदतीच्या गाडीला मात्र माणसांकडेच जायचे असते.

नाक्यावर कोण बोलणार?

तंत्रज्ञान जिथे थबकते ती जागा हीच. संघर्षाच्या भागात मदतीचा ट्रक फक्त डिझेलवर चालत नाही, तो बोलण्यावर चालतो. प्रत्येक नाक्यावर बंदूकधारी पोरे असतात. चालक खाली उतरतो, कागद दाखवतो, ओळखीच्या कमांडरचे नाव सांगतो, पोत्यांत शस्त्रे नाहीत हे पटवून देतो. माणसाविना आलेल्या, कॅमेरे लावलेल्या गाडीकडे ती पोरे कशी पाहतील? ज्या भागात आकाशातून येणाऱ्या बिनमाणसाच्या यंत्रांनी बॉम्ब टाकले आहेत, तिथे जमिनीवरून येणारे बिनमाणसाचे यंत्र मदत घेऊन आले आहे यावर सहज विश्वास बसणार नाही. हे कॅमेरे आपली छायाचित्रे शत्रूला पाठवत नाहीत ना, ही शंकाही रास्तच असेल. आणि गाडीत माणूस नसेल तर ती लुटताना किंवा उडवताना हात कमी कचरतील, ही भीतीही आहे.

म्हणून अशी गाडी निघण्याआधी माणसांनी बोलणी करावीच लागतील: गटांशी, गावातल्या वडीलधाऱ्यांशी, बायकांच्या गटांशी. गाडी कशी दिसते, ती काय करते, तिच्यातले चित्र कोण पाहते हे आधी सांगावे लागेल. वस्तीत शिरताना आणखी एक साधी अडचण. गाडी दिसली की मुले तिच्याकडे धावतात, मागे लटकतात. चालक आरशात पाहून थांबतो. दूरच्या खोलीतून हे सांभाळणे कठीण. त्यामुळे गावाच्या वेशीवर गाडी थांबवून स्थानिक माणसाने ताबा घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

रोजगाराचा मुद्दाही आहे. ज्या देशात नियमित पगाराची नोकरी दुर्मीळ, तिथे मदत संस्थेच्या चालकाच्या पगारावर अख्खे घर चालते. गाडी चालवणारी खुर्ची युरोपात ठेवली तर धोक्याबरोबर ती नोकरीही जाईल. तीच खुर्ची जुबात किंवा जवळच्या सुरक्षित गावात ठेवली, त्यावर तोच अनुभवी चालक बसवला, तर जीव वाचेल आणि नोकरीही टिकेल. हा निर्णय अभियंत्यांच्या हातातला नाही. तो मदत संस्थांना घ्यावा लागेल.

उरुम अल-कुब्राकडे पुन्हा पाहिले की या यंत्राची मर्यादा स्पष्ट होते. तिथे ट्रक वाटेत अडले नव्हते, ते ठरल्या जागी पोहोचले होते. माणसे मारली गेली ती माल उतरवताना. ३१ ट्रक चालकाविना आले असते, तरी पोती उतरवायला, यादीवर नाव तपासायला, मुलाचा दंडघेर मोजायला आणि पाकीट कसे खाऊ घालायचे हे आईला समजावायला माणसे लागलीच असती. त्या माणसांचे रक्षण चिलखती पत्रा किंवा उपग्रह करू शकत नाही. मदत कर्मचाऱ्यांवर हल्ला करू नये, हा युद्धाचा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात केव्हापासून लिहिलेला आहे. तो पाळला जाणे, एवढेच त्यांचे संरक्षण.

तरीही, सुरुंगांच्या संशयाने बंद झालेल्या रस्त्याचे, दबा धरून बसलेल्या टोळीच्या वळणाचे, पुराच्या पाण्याखालच्या वाटेचे ते दहा-वीस किलोमीटर यंत्राने एकट्याने पार केले, तर तेवढ्या अंतरात कोणाचा जीव पणाला लागणार नाही. गाडी उलटली तर एक टन धान्य जाईल. चालकाच्या घरी वाईट बातमी जाणार नाही. आणि ती पोहोचली, तर पलीकडच्या वस्तीतली पासष्ट मुले या आठवड्यातही वजनकाट्यावर चढतील.